पाच मिनिटांचं औषध

कोयनानगर
८ ऑगस्ट २०२४

मंगल,

नावाच्या आधी आशीर्वाद लिहिणार व्हतो. तेवीस वर्षांनी कुठल्या तोंडानं लिहू, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुजा नंबर धुळानं दिलाय. तुजा पोरगा मामाशी बोलतो, त्याला रागावू नगंस. चार येळा बटणावर बोट नेलं. तू फोन ठेवशील याची भीती न्हाई. न ठेवलास तर म्होरं काय बोलायचं, त्याची भीती. फौजेत अठरा वर्षं पत्रंच लिहिली, म्हणून हे पत्र.

एक काम हाय. आपल्या बहिणीच्या, बायाक्काच्या ऑपरेशनच्या दिवशी नेमकं काय झालं ते लिहून पाठव. तू नर्स म्हणून आत व्हतीस. कुठलं औषध दिलं, किती वेळानं काय झालं, सगळं. साताऱ्याच्या एका डाक्टरला दाखवायचं हाय. काय लपवू नगंस.

दादासो


कुपवाड
१४ ऑगस्ट २०२४

श्री. दादासो बंडगर यांस,

आपलं पत्र मिळालं. बायाक्का गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, गावासमोर, "तू मारलंस तिला" असा निकाल आपण दिलेला आहे. त्यानंतर मी नर्सची नोकरी सोडली. माहेर सोडलं. आई हरणाबाई गेली तेव्हा मी ओढ्याच्या पलीकडं उभी राहून परत आले. एवढी शिक्षा पुरेशी झाली नसेल आणि आता डॉक्टरला कागद दाखवून कोर्टात जायचं असेल, तर खुशाल जावं. मी काही लिहून देणार नाही.

"काय लपवू नकोस" असं लिहिण्याचा हक्क आपल्याला नाही.

मंगल


कोयनानगर
२० ऑगस्ट २०२४

मंगल,

चूक माजी. कारण लिहायला पाहिजे व्हतं. कोर्टाचं काय न्हाई. माजी संयोगिता मरता मरता वाचली.

ती साताऱ्याला दिलीय. जुलैच्या २३ तारखेला तिच्या पोटात एकदम कळ आली. अंडाशयात गाठ व्हती, तिला पीळ पडला. लगोलग ऑपरेशन करायला लागलं. मी इथनं एस.टी.नं निघालो, घाटात फोनला रेंज न्हाई. पोचलो तवा ऑपरेशन होऊन तीन तास झालेले आणि पोरगी मशिनीवर. भूल उतरायची येळ गेली तरी श्वास घेत न्हाई, डोळा उघडत न्हाई, बोट हलवत न्हाई. काळीज नीट चाललेलं. जावई भिंतीला डोकं लावून बसला व्हता.

भूल देणारी डाक्टरीण बाई मला म्हणाली, "काका, घाबरू नका. औषध उतरायला वेळ लागतोय. तोवर मशीन तिच्यासाठी श्वास घेईल." मग विचारलं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं का?" मी म्हणालो, एक बहीण भुलीत गेली, दुसरं काय म्हाईत न्हाई.

सात तासांनी संयोगितानं बोट हलवलं. दुसऱ्या दिवशी चहा प्याली. आता बरी हाय.

मग बाईनं रक्त तपासलं. पोरीच्या रक्तात एक एन्झाइम असायला पाहिजे ते जवळजवळ न्हाईच, म्हणाली. हा दोष घराण्यात उतरतो. बायाक्काचं काय झालं ते कळलं तर बरं, म्हणाली. मला यातलं निम्मं कळलं, निम्मं न्हाई. जावई म्हणाला, तुमची बहीण कुपवाडला एन्झाइमच्याच कारखान्यात हाय न्हवं, त्यास्नी विचारा.

म्हणून विचारलं. हक्क न्हाई हे खरं हाय.

दादासो


कुपवाड
२९ ऑगस्ट २०२४

दादा,

संयोगिता तीन महिन्यांची असताना मी तिला मांडीवर घेतलं होतं. त्यानंतर पाहिलं ते धुळाच्या फोनवरच्या लग्नाच्या फोटोत. तिची तब्येत मला कळवत राहा.

आता बायाक्का. हे मी तेवीस वर्षांत कुणालाही सांगितलं नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा.

तू फोनवर सांगितलं होतंस की मी रजा काढून येतो, तोवर थांबा. पण अपेंडिक्स फुटायला आलं होतं, थांबता येत नव्हतं. मीच तिला सांगलीला आमच्या दवाखान्यात आणलं. दुपारी एक वाजता आत घेतलं. भूल देताना आधी झोपेचं औषध देतात आणि मग स्कोलीन नावाचं एक इंजेक्शन. त्यानं अंगातले सगळे स्नायू सैल पडतात, म्हणजे घशातून श्वासाची नळी नीट घालता येते. श्वास घेणारे स्नायूही थांबतात, म्हणून तेवढा वेळ डॉक्टर पिशवी दाबून श्वास देतात. पाच-दहा मिनिटांत त्याचा असर जातो.

बायाक्काचा गेला नाही. ऑपरेशन नीट झालं, टाके घातले, पण श्वास येईना. डॉक्टरांनी उतारा म्हणून दुसरं औषध दिलं, उपयोग झाला नाही. डॉक्टर घामाघूम. तो माणूस वाईट नव्हता, दादा. त्याला काय चाललंय ते कळत नव्हतं. त्या दवाखान्यात श्वासाचं मशीन नव्हतं. मी आणि दुसरी एक सिस्टर आळीपाळीनं दीड तास पिशवी दाबत होतो. मग मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. गाडीत तिच्या उशाशी मी. विश्रामबागच्या पुढं गाडीला हादरा बसला आणि नळी निसटली. मी मास्क लावून श्वास द्यायला बघितला. गाडी हलत होती, हवा आत जाईना. मिरजेला पोचेपर्यंत नाडी गेली.

नळी धरायचं काम माझं होतं. म्हणून तू गावासमोर बोललास तेव्हा मी उलट एक शब्द बोलले नाही. मला वाटलं, तू म्हणतोस ते खरंच आहे.

आता तुला न कळलेलं निम्मं. मी पुढं शिकलेली नाही, पण चौदा वर्षं एन्झाइमच्या तपासणी खोलीत काम करते आहे. ऊस तोडून चार दिवस पडला की त्याचा रस चिकट होतो, तार धरतो, कारखान्यात गाळला जात नाही. त्या चिकट्याचे तुकडे करणारं एन्झाइम आम्ही बनवतो. मी रोज दोन ग्लासांत तसला रस घेते. एकात एन्झाइमचे चार थेंब टाकते, दुसऱ्यात काही नाही. पहिला वीस मिनिटांत पाण्यासारखा पातळ होतो. दुसरा दिवसभर ठेवला तरी तसाच. आमचे साहेब सांगतात की दुसऱ्यातही चिकटा आपोआप तुटतच असतो, पण इतका सावकाश, की आपला जन्म सरेल. एन्झाइम नवीन काही घडवत नाही. जे घडणारच आहे त्याला जवळची वाट काढून देतं. तू पुण्याला जातोस तेव्हा खंबाटकीला बोगद्यातून जातोस, तसं. घाट चढायचं वाचतं. आणि एक गाडी गेली म्हणून बोगदा संपत नाही, लगेच दुसरी जाते. एन्झाइमसुद्धा स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून चार थेंब पुरतात. असं काम एखादा धातू करत असेल तर त्याला उत्प्रेरक म्हणतात. जिवंत पेशीनं बनवलेला उत्प्रेरक म्हणजे एन्झाइम.

स्कोलीन तोडणारं एन्झाइम आपल्या रक्तात असतं. ते आहे म्हणून ते पाच मिनिटांचं औषध. ज्याच्या रक्तात ते नाही त्याच्याही अंगातून औषध जातं, पण आपल्या गतीनं, पाच-सात तासांनी. संयोगिताला तेवढा वेळ मशीननं दिला. बायाक्काला मिळाला नाही. परवा मी साहेबांना हे सगळं विचारून घेतलं आणि स्टोअरच्या मागं जाऊन बसले. नळी निसटली नसती, आणखी तीन तास पिशवी दाबली असती, तर ती उठली असती. तिला काहीही झालेलं नव्हतं, दादा.

हा दोष आईकडून एक, बापाकडून एक असा येतो. दोन्ही बाजूंनी आला तरच असं होतं. आपली आई बाबांच्या मामाची मुलगी. वहिनीही तुझ्या मामाची मुलगी. तेव्हा भावंडांची तपासणी व्हायला हवी. मी करते आहे.

एक विचारायचं आहे. ९९ साली फौजेच्या दवाखान्यात तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. सुट्टीवर आलास तेव्हा आईला म्हणालास, "सकाळी आत नेलं आनि जाग आली तवा दिवे लागले व्हते." तुला तिथं कुणी काही सांगितलं होतं का?

मंगल


कुपवाड
६ ऑक्टोबर २०२४

दादा,

पाच आठवडे झाले. पत्र पोचलं हे मला माहीत आहे, धुळानं संयोगिताला विचारलं.

माझा रिपोर्ट आला. द्राक्षबागेत फवारणी करून बाधा होते त्यांची जी रक्ततपासणी करतात, तीच ही. माझं एन्झाइम निम्मं आहे. म्हणजे एक बाजू चांगली, एक वाईट. मला धोका कमी. तुझ्या रिपोर्टचं काय?

आणि मी विचारलं होतं त्याचं उत्तर दे. नाही असेल तर नाही म्हणून लिही. दोन अक्षरं आहेत.

मंगल


कोयनानगर
१५ ऑक्टोबर २०२४

मंगल,

दोन अक्षरं लिहायला बसलो व्हतो. तीन कागद फाडले. ते उत्तर खोटं झालं असतं.

व्हय. सांगितलं व्हतं.

ऑपरेशननंतर मी सहा तास मशिनीवर व्हतो. मेजर साहेबांनी, भूल देणाऱ्या डाक्टरांनी, मला समोर बसवून सांगितलं, "बंडगर, तेरे खून में एक चीज़ कम है। घर जाके भाई-बहनों को बताना। कोई भी ऑपरेशन हो, पहले यह काग़ज़ दिखाना।" एक कागद लिहून दिला, इंग्रजीत, वर शिक्का. मी सॅल्यूट मारला आणि कागद ट्रंकेत तळाला घातला.

माजं हवालदारीचं नाव यादीत व्हतं. मेडिकल कॅटेगरी खाली आली तर प्रमोशन जातंय, असं बॅरेकमधी सगळे म्हणायचे. घरी सांगितलं तर गावात दुसरे फौजी हायत, बोलणं युनिटापर्यंत जाईल. म्हटलं, आपल्या घरात कुणाचं कवा ऑपरेशन झालंय? नंतर सांगू.

विसरलो असं लिहिणार व्हतो. मी विसरलो नव्हतो. तू फोनवर ऑपरेशनचं सांगितलंस तवा कागद आठवला व्हता. म्हणून तर म्हणालो, मी येतो, थांबा. येऊन सांगणार व्हतो. फोनवर सांगायला युनिटच्या टेलिफोनमागं पाच जण रांगेत उभे व्हते. त्यांच्यासमोर बोलायची लाज वाटली. एवढंच. पाच माणसांची लाज.

घरी आलो तर बायाक्का न्हाई. आई आक्रोश करत व्हती. समदे मला विचारत व्हते, कसं झालं. आणि मी तुज्याकडं बोट केलं. माज्या तोंडातनं ते कसं निघालं ते मला सांगता येत न्हाई. निघालं, आणि मग शब्द माघारी घ्यायचा तर कागद दाखवायला लागला असता.

संयोगिता मशिनीवर व्हती तवा डाक्टरीण बाईंनी विचारलं. तवासुद्धा माजं सोडून बायाक्काचंच सांगितलं. पोरगी समोर पडलेली, तरी.

माजा रिपोर्ट काढायची गरज न्हाई. कागद अजून ट्रंकेत हाय.

तुज्या हातनं नळी निसटली. पन मी पाच शब्द बोललो असतो तर गाडीत ती नळी लागलीच नसती. त्येंनी दुसरं औषध दिलं असतं.

माफी मागत न्हाई. मागायची लायकी न्हाई.

दादासो


कुपवाड
२३ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामावर गेले नाही. मग गेले. रसाचे ग्लास समोर ठेवले आणि कुठल्यात थेंब टाकले तेच आठवेना.

बायाक्कावर माझ्याइतकाच तुझा जीव होता, हे मला माहीत आहे. म्हणूनच तू हे केलंस यावर विश्वास बसायला इतके दिवस लागले. मी बत्तीस वर्षांची होते. नर्सची पांढरी साडी ट्रंकेत टाकली, हळदीच्या गोदामात निवडायला बसले. आईनं मरताना माझं नाव घेतलं, असं लोक सांगतात. मी ओढ्यापलीकडं होते. यातलं काय काय तुझ्या त्या एका कागदाखाली दबलं होतं, ते तू एकदा बसून आठव.

मला माफी नको आहे. मला दुसरं हवं आहे.

आपल्या भावकीत सगळी लग्नं नात्यातली. कुणाकुणाच्या अंगात हे आहे कुणाला माहीत नाही. तू गावी जा. सगळ्यांना बोलाव. तू मला जे लिहिलंस ते त्यांच्यासमोर उभं राहून सांग, माझ्यावर बोट ठेवलं होतंस ते सुद्धा. त्याशिवाय रक्त द्यायला कुणी पुढं येणार नाही. सुईला भितात आपले लोक. सांगलीच्या लॅबवाल्याशी मी बोलले आहे, तो माणूस पाठवेल.

मी येणार नाही. तू बोलताना तिथं उभं राहायची ताकद माझ्यात नाही.

मंगल


कोयनानगर
२८ जानेवारी २०२५

मंगल,

परवाच्या रविवारी झालं. बिरोबाच्या देवळाम्होरं बोलावलं व्हतं. साठ-पासष्ट माणसं आली. मेंढरं घेऊन लांब गेलेले तेवढे न्हाई आले.

मी कागद हातात धरून उभा राहिलो. फौजेत शंभर जवानांम्होरं उभं राहून बोललोय, पन ही आपली माणसं व्हती. सगळं सांगितलं. रक्ताचं, कागदाचं, रांगेतल्या पाच जणांचं. मग आप्पासो तात्या, ऐंशीच्या वर गेलेत, काठीवर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आनि मंगलला काय म्हणाला व्हतास रं? ते बी सांग." मी तुला म्हणालो व्हतो तो शब्द पुन्ना बोललो. आणि म्हणालो, ते खोटं व्हतं. तात्या म्हणाले, "आता म्होरं माज्या रक्ताचं बघा," आणि बाही वर केली. त्येंच्या मागनं रांग लागली.

त्रेचाळीस जणांनी रक्त दिलं. काल रिपोर्ट आले. सतरा जण तुज्यासारखे निम्मे. दोघांत जवळजवळ काय न्हाई: आपला चुलतभाऊ भाऊसो, आणि भावकीतल्या जोतीरामची नऊ वर्षांची पोरगी. मंगल, त्या पोरीचं टॉन्सिलचं ऑपरेशन याच आठवड्यात सांगलीला ठरलं व्हतं. मी लगेच जोतीरामला फोन केला. मग त्यानं सांगलीच्या डाक्टरला सांगितलं. डाक्टर म्हणाले, बरं झालं बोललात, ते औषध टाळून दुसरं देऊ.

माजं नवं कार्ड केलंय, जावयानं प्लॅस्टिक चढवून दिलं. "स्कोलीन देऊ नये." खिशात ठेवतो.

एक विचारतो. संयोगिता मला म्हणाली, "आण्णा, सुरुवातीला मला सगळं ऐकू येत होतं. डोळे मिटलेले, बोट हलत नव्हतं, पण बाई काय बोलतायत ते कळत होतं. मी मेले असं त्यांना वाटेल म्हणून जीव घाबरला होता. मग बाई कानाशी येऊन म्हणाल्या, तू ठीक आहेस, मशीन तुझा श्वास घेतंय. त्यावर मी निवांत झाले." डाक्टरीण बाई म्हणाल्या, असं व्हतंय. झोपेचं औषध उतरतं आणि हे उतरत न्हाई.

म्हंजे बायाक्का गाडीत जागी व्हती का? मला वाईट वाटंल म्हणून खोटं लिहू नगंस.

दादासो


कुपवाड
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

जोतीरामच्या मुलीचं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी रजा घेऊन सांगलीला गेले. बोलावलं नव्हतं कुणी. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले. तिची आई हात धरून बसली माझा. अर्ध्या तासात पोरीला बाहेर आणलं. डोळे किलकिले करून आईला शोधत होती. घसा दुखतोय म्हणून रडली. ते रडणं ऐकून आम्ही दोघी हसलो आणि मग रडलो. तेवीस वर्षांनी मी दवाखान्याच्या आत पाय ठेवला.

तू विचारलंस त्याचं उत्तर. होय. ती जागी होती.

तेव्हा मला कळलं नव्हतं. गाडीत तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं होतं, केसांत गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, भुलीत येतं असं. मी पदरानं पुसलं. संयोगिताचं तू लिहिलंस ते वाचलं आणि समजलं.

ती एकटी मात्र नव्हती. पिशवी दाबत मी सारखी तिच्याशी बोलत होते. नर्सच्या शाळेत शिकवलं होतं की पेशंट ऐकत नाही असं कधी धरायचं नाही. काहीबाही बोलत होते. आणि सगळ्यात जास्त वेळा म्हणत होते, "बाया, घाबरू नगं. दादा निघालाय. दादा येतोय." तू तेव्हा निघाला नव्हतास. ऑपरेशन बिघडलंय हे तुला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि लहानपणी ती तुझ्या नावानंच गप्प व्हायची.

ते तिनं ऐकलं असणार, दादा. तू येतोस असं समजूनच ती गेली.

हे तुला सांगावं की नाही, याचा चार दिवस विचार केला. तू खोटं लिहू नकोस म्हणालास म्हणून लिहिलं. यानं तुला बरं वाटेल की जास्त वाईट, मला कळत नाही. मला स्वतःला दोन्ही वाटतं.

माफ केलं असं लिहायला मला अजून जमत नाही. जमेल तेव्हा लिहीन. पण रविवारी मला सुट्टी असते. वहिनीला आणि संयोगिताला घेऊन ये. कुपवाडला उतरलास की धुळाला फोन कर, तो गाडी घेऊन येईल. दुपारी जेवायलाच या.

मंगल